दोनशे दिव्यांची भिंत

"थांबा. बनियन खाली ओढू नका," बाई म्हणाल्या.

यजमानांचं डोकं बनियनच्या आत होतं आणि दोन्ही हात वर. अशा अवस्थेत माणसाला पळता येत नाही. बाईंनी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि जवळ जाऊन नवऱ्याच्या छातीकडे पाहिलं. उजव्या खांद्याच्या हाडाखाली नाण्याएवढा एक तांबूस गोल डाग, तसाच डावीकडे एक, आणि तिसरा डाव्या बरगड्या जिथे संपतात तिथे. तिन्ही जागचे केस वस्तऱ्यानं काढलेले.

"हे काय झालंय?"

"कुठे काय?" बनियनमधून आवाज आला.

"छातीवर."

"घामोळं असेल."

"घामोळं मोजून तीन ठिकाणी उठतं? आणि उठायच्या आधी हजामत करून घेतं?"

यजमानांनी बनियन खाली ओढलं, वरून शर्ट चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. "तुला ना, हॉस्पिटलात राहून राहून सगळीकडे रोगच दिसतात," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या आड गेले.

दुसऱ्या एखाद्या बाईनं नवऱ्याच्या छातीवर असे डाग पाहिले असते तर तिला भलताच संशय आला असता. बाईंना तो आला नाही, निदान त्या सकाळी तरी नाही. एकतीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या ईसीजी खोलीत लोकांच्या छातीला तारा जोडत होत्या. चिकटपट्टी काढल्यावर मागे जो डाग राहतो तो त्यांना अंधारातसुद्धा बोटानं ओळखता आला असता. नेहमीचा कार्डिओग्राम असता तर डाग जास्त असते, आणि दोन मिनिटांच्या कामाला एवढी खूण राहत नाही. तीनच म्हणजे मॉनिटर. कुणीतरी यांना बराच वेळ तारा लावून बसवलं होतं. शेजारी जुने फिकट डागही होते, म्हणजे एकदा नाही, बरेचदा. आणि उजवीकडची पट्टी दोन बोटं खाली लागली होती. लावणारा माणूस शिकाऊ होता.

नवऱ्याला हृदयाचं दुखणं आहे आणि तो ते आपल्यापासून लपवतोय, एवढा हिशेब बाईंनी चहा निवायच्या आत पुरा केला. घरात ईसीजीवाली असताना हा माणूस दुसरीकडे जाऊन तारा लावून घेतो, याचा त्यांना आधी राग आला आणि भीती जरा मागाहून वाटली.

त्या दिवसापासून बाईंनी पाळत ठेवली. औषधांचा डबा पाहिला, शर्टाचे खिसे पाहिले, चपलांचे तळवेसुद्धा पाहून झाले. गावातल्या दुसऱ्या दोन हॉस्पिटलांत त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरी होत्या. त्यांना फोन करून विचारलं. दोघीही म्हणाल्या, "नाही हो मॅडम, सरांचं नाव कुठेच नाही." मग खरा संशय सुरू झाला, कारण कपाटात एक निळा शर्ट सापडला. चौतीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी स्वतः होऊन हातरुमालसुद्धा विकत घेतला नव्हता.

त्यात लेकीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त दूर असते, पण घरातलं सगळं तिला आधी कळतं.

"आई, बाबांना काय झालंय गं?"

"का? काय झालंय?"

"परवा फोनवर बोलता बोलता गुणगुणत होते."

"बाबा?"

"हो ना. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, दुपारी जरा काम असतं हल्ली."

यजमानांना काम असतं ही बातमीच होती. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. त्याआधी तेहतीस वर्षं ते मोजणी कार्यालयाच्या तळघरात फायली सांभाळत होते. वरून चिठ्ठी आली की फाईल काढायची, वर नेऊन द्यायची, काम झालं की खाली आणून जागेवर ठेवायची. या तेहतीस वर्षांत त्यांच्याकडून एकही फाईल हरवली नाही, आणि म्हणूनच त्यांची कधी चौकशी झाली नाही की नाव निघालं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांच्या हसतमुख स्वभावाचं आणि सुंदर अक्षराचं तोंड भरून कौतुक केलं. हे दोन्ही गुण त्याच दिवशी निवृत्त होणाऱ्या दुसऱ्या कारकुनाचे होते. यजमानांनी टाळ्या वाजवल्या, फुलं घेतली आणि घरी येऊन बाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. आपण तेव्हा हसायला नको होतं, असं त्यांना आताशा वाटायचं.

बुधवारी बाईंनी रजा टाकली. घरून मात्र नेहमीसारखा डबा घेऊन निघाल्या आणि दुपारी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. बरोबर अडीच वाजता निळा शर्ट रस्त्यावर आला. भांग नीट पाडलेला. चालही जरा वेगळी, म्हणजे कुणीतरी आपली वाट बघतंय हे माहीत असलेल्या माणसाची. बाई चाळीस पावलं मागे ठेवून चालू लागल्या. 'या वयात मला हेरगिरी करायला लावली या माणसानं,' असं मनातल्या मनात चालूच होतं.

बंद पडलेल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत यजमान शिरले. दारावर पुठ्ठ्याची पाटी होती: 'आपल्या हृदयाचं चित्र बघा. प्रत्येकी पाच मिनिटं. मोफत.' बाईंनी पाटी दोनदा वाचली. मोफत या शब्दावर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता.

आत मोठा काळोखा हॉल होता. समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, दोनेकशे जुने पिवळे दिवे बसवलेले. भिंतीकडे तोंड करून एक खुर्ची, आणि मागे लोकांना बसायला बाकं. बाई शेवटच्या बाकावर एका लठ्ठ गृहस्थाच्या आडोशाला बसल्या. खुर्चीत एक तरुणी बसली होती आणि तिच्या शर्टाच्या आतून तीन तारा निघून एका पेटीत गेल्या होत्या. भिंतीच्या मधोमध पाचसहा दिवे सावकाश लागत आणि विझत होते. प्रत्येक दिव्याबरोबर टक् असा बारीक आवाज यायचा.

केस बारीक कापलेली, खिशांची पँट घातलेली एक मुलगी लोकांना समजावून सांगत होती. तिचं नाव बाईंनी तिथल्या तिथे दिवेवाली ठेवून दिलं. दिवेवाली म्हणाली, "एक ठोका म्हणजे एक दिवा. दोन ठोक्यांमधलं अंतर आधीसारखंच असेल तर दिवा जवळचा लागतो. अंतर जितकं बदलेल, तितका दिवा लांबचा. चित्र मी काढत नाही. तुमचं शरीर काढतं."

बाईंना यात कला कुठे आहे ते कळेना. दिवसाला चाळीस चित्रं त्या कागदावर काढत होत्या, कुणी पाहायला येत नव्हतं.

"आता काका बसतील," दिवेवाली म्हणाली.

बाकांवर कुजबुज झाली. उठून चाललेले लोक परत बसले. लठ्ठ गृहस्थ शेजारणीला म्हणाले, "मी यांच्यासाठीच आलोय. तिसऱ्यांदा."

पडद्यामागून यजमान आले. निळ्या शर्टाची वरची तीन बटणं उघडी, तारा नीट हातात धरलेल्या. कुणाकडेही न पाहता ते खुर्चीत बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. उरलेला उजेडही बंद झाला.

पहिला दिवा अगदी वरच्या कोपऱ्यात लागला. मग लगोलग दोन खाली जमिनीजवळ. मग काहीच नाही, इतका वेळ काही नाही की कुणीतरी श्वास रोखलेला ऐकू आला. मग चार दिवे भराभर चार दिशांना. सगळी भिंत जागी झाली. कुठला दिवा कधी लागेल याचा नेम नव्हता आणि एकदा झालेलं पुन्हा होत नव्हतं. लोक तोंड उघडं टाकून बघत होते. एक म्हातारी बाई चष्मा काढून डोळे पुसत होती.

बाईंच्या अंगावरही काटा आला, पण तो सौंदर्यानं नव्हे. त्यांनी डोळे मिटले आणि नुसता टक् टक् आवाज ऐकला. ठोका चुकणारी हृदयं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. चुकण्यालाही बहुधा काही चाल असते, चौथा चुकतो, नाहीतर एकाआड एक चुकतो. इथे कसलीच चाल नव्हती.

ईसीजी खोलीत पहिल्या दिवशी शिकवतात की रेघ वेडीवाकडी आली तर आधी तारा तपासायच्या, माणसावर संशय नंतर. ही सवय बाईंच्या हाडात मुरलेली होती आणि त्या क्षणी तिचा त्यांना केवढा आधार वाटला. पट्ट्या धड लावलेल्या नव्हत्या, हे तर त्यांनी डागांवरूनच ओळखलं होतं! त्या उठल्या, अंधारातून तरातरा खुर्चीपाशी गेल्या आणि पर्समधून रुमाल काढला.

"अगं तू!" यजमान दचकले.

"हलू नका. बोलू नका. श्वास नेहमीसारखा घ्या."

"ओ काकू, काय करताय?" दिवेवाली धावत आली. "हात नका लावू तारांना!"

बाईंनी तिन्ही पट्ट्या काढल्या, त्वचा खसाखसा पुसली, पेटीवरच्या पाकिटातून नव्या पट्ट्या घेतल्या आणि जिथे लावायला हव्यात तिथे लावून अंगठ्यानं दाबल्या. तेवढा वेळ भिंत काळी होती. मग ती पुन्हा पेटली, पहिल्यापेक्षा लख्ख, आणि दिवे पहिल्यापेक्षाही लांब लांब उड्या मारू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाईही कार्यक्रमाचा भाग आहेत.

"मूळ रेघ दाखव मला," बाई दिवेवालीला म्हणाल्या.

"कसली रेघ?"

"कॉम्प्युटरमध्ये येत असेल ना. दिवे लागायच्या आधीची."

मुलीनं मुकाट्यानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. हिरवी रेघ चालली होती. प्रत्येक उंच टोकाआधी जो लहान उंचवटा असायला हवा तो कुठेच नव्हता. त्याच्या जागी रेघ नुसती थरथरत होती. बाईंनी ती पूर्ण एक मिनिट पाहिली. पेशंटसमोर चेहरा कोरा ठेवायचा, विचारलं तर 'डॉक्टर सांगतील' म्हणायचं, हे त्यांनी हजारो वेळा केलं होतं. आताही चेहरा आपोआप कोरा झाला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी दिवेवालीला बाहेरच्या बोळात गाठलं.

"किती दिवस बसवतेयस यांना?"

"सात आठवडे झाले. काका स्वतःहून येतात, दुपारभर पट्ट्या अंगावरच असतात."

"आणि सात आठवडे तुला काही दिसलं नाही?"

"मी डॉक्टर नाही, काकू."

"मीही नाही. मला दिसतं ते! भिंत रंगते म्हणून म्हाताऱ्या माणसाचं दुखणं लोकांना दाखवत बसलीस. लाज वाटायला हवी होती."

मुलीचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि एक कागद घेऊन आली. 'माझे ठोके अनियमित वाटतात, मी डॉक्टरांना दाखवून घ्यावं, असं मला सांगण्यात आलं आहे.' खाली सात आठवड्यांपूर्वीची तारीख आणि सही.

बाईंनी कागद उजेडात धरला. शाईवर बोट फिरवून पाहिलं. हा कालच तयार केलेला नसेल कशावरून? पण सही यजमानांचीच होती, बारीक, कोपऱ्यात अंग चोरून केलेली, दुसऱ्या कुणाला सही करायची असेल तर जागा असू दे अशा बेतानं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी," मुलगी म्हणाली. "नंतर दर आठवड्याला विचारते. ते म्हणतात, घरातच तज्ज्ञ आहे, तिनं बघितलंय, काळजीचं काही नाही."

बाईंनी कागद तिच्या हातात परत दिला. एवढी वर्षं त्या ज्याला साधाभोळा समजत होत्या, त्या माणसानं त्यांचंच नाव पुढे करून सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

बसथांब्यावर दोघं शेजारी बसली. एक बस आली आणि गेली. कुणी उठलं नाही.

"दम लागतो?" बाईंनी विचारलं.

"चढावर लागतो थोडा."

"कधीपासून?"

"झाले तीनचार महिने."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला! रोज रात्री माझ्या शेजारी झोपता आणि दुपारी जाऊन परक्या पोरीसमोर काळीज उघडं करून बसता."

"तुला सांगितलं असतं," यजमान समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "तर तू दुसऱ्या दिवशी बरं करून टाकलं असतंस."

"मग? करू नको?"

"तसं नाही गं." त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "तिथे लोक थांबतात. मी बसलो की जाणारी माणसं परत फिरतात. ती पोरगी म्हणाली, काका, असं दुसऱ्या कुणाचंच नाही. मला आजवर असं कुणी काही म्हटलेलं नाही. तूसुद्धा नाही."

बाईंना त्यांच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता त्यांनी यजमानांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागल्या. बोटांखाली तीच भिंत चालू होती. बाईंनी चौतीस वर्षं हा हात धरला होता आणि नाडी आज पहिल्यांदा पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यजमानांना हॉस्पिटलात घेऊन गेल्या. घरच्या माणसाला आपल्या हातानं तारा लावायच्या नाहीत असं त्यांच्या खात्यात पाळतात. खात्यातली मैत्रीण पुढे झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "नको, मीच लावते." कागद बाहेर आला तो त्यांनी घडी न घालता मोठ्या डॉक्टरांपुढे नेऊन ठेवला.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. वरचा कप्पा नुसता थरथरतोय, तिथे रक्ताची गुठळी धरू शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. तीन आठवडे रक्त पातळ करायच्या गोळ्या, मग थोडी भूल देऊन एक विजेचा झटका. बहुतेकांचा ठोका ताळ्यावर येतो. तारीख मंगळवारची पडत होती.

"डॉक्टर," यजमान म्हणाले, "आठ दिवस पुढे ढकललं तर चालेल का?"

"का? काही कार्यक्रम आहे?"

"हो. शनिवारी." त्या मंगळवारनंतरच्या शनिवारी हॉलमध्ये मोठं, अधिकृत उद्घाटन होतं. बाहेरगावची माणसं येणार होती. दिवेवालीनं निमंत्रणपत्रिका छापून घेतली होती आणि तिच्यावर यजमानांच्या दिव्यांचा फोटो होता.

डॉक्टरांनी खांदे उडवले. "आठ दिवसांनी आभाळ कोसळत नाही. पण हृदय थकलंय, मी उगाच लांबवणार नाही. मॅडमशी बोलून ठरवा. त्यांना सगळं कळतं."

दोघंही बाईंकडे बघू लागले. बाईंना एक हमाल आठवला. मुलीचं लग्न उरकून येतो म्हणाला होता, आणि बाराव्या दिवशी स्ट्रेचरवरून आला तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं. दोन्ही वेळचे कागद बाईंनीच काढले होते. पण शंभरजण असे येतात ज्यांना आठ दिवसांत काही होत नाही, हेही त्यांना माहीत होतं. आठ दिवस दिले तर हा माणूस एक संध्याकाळ राजासारखा बसेल. यजमान नुसते बघत होते. ती नजर बाईंना पुढे कितीतरी दिवस छळणार होती.

"तारीख तीच ठेवा," बाई म्हणाल्या.

मधले तीन आठवडे घर मुकं झालं. यजमान भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. वेळेवर गोळ्या घेत, वेळेवर जेवत, आणि अडीच वाजता निळा शर्ट घालून बाहेर पडत. बाईंनी त्यांना अडवलं नाही आणि पुन्हा पाठलागही केला नाही. रात्री मात्र विचार पाठ सोडत नसे. आपण यांचा जीव वाचवतोय, की सात आठवडे आपल्याला फसवल्याचा सूड उगवतोय? आजवर सगळ्या जगावर संशय घेऊन झाला होता. आता त्यांना स्वतःचाच येऊ लागला.

मंगळवारी झटका दिला. तीन मिनिटांचं काम. बाईंना आत जाऊ दिलं नाही. मैत्रिणीनं कागद आणून हातात दिला. सगळे लहान उंचवटे आपापल्या जागी, सगळी अंतरं सारखी, शाळेच्या वहीतल्यासारखी रेघ. बाई बाकावर बसून रडल्या. भुलीतून जागे झाल्यावर यजमानांनी तोच कागद मागितला आणि लांब धरून पाहिला.

"झालं सगळ्यांसारखं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि कागद परत केला.

शनिवारी ते जाणार नाहीत असं बाईंनी गृहीत धरलं होतं. साडेपाचला बघतात तर यजमान आरशासमोर भांग पाडत उभे. "बोलावलंय ना," एवढंच म्हणाले. बाईही निघाल्या.

हॉल ओळखू येत नव्हता. पुढे दोन रांगा गाद्यांच्या खुर्च्या आणि प्रत्येकीवर 'राखीव' असं कार्ड. शेजारच्या खोलीत सरबताचे पेले मांडलेले. यजमान पडद्यामागे गेले. बाई पडद्याच्या अलीकडे थांबल्या. ती पोरगी आता काय करते ते त्यांना ऐकायचंच होतं.

"काका, कसं वाटतंय आता?" दिवेवालीचा आवाज आला.

"छान. दम लागत नाही."

"बरं झालं. खरंच बरं झालं." मग ती जरा थांबली. "काका, तुमचं जुनं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तुम्ही फक्त खुर्चीत बसा. तारा लावते, पण भिंतीवर ते जुनं सोडते. कुणाला कळणार नाही. शेवटी ठोके तुमचेच आहेत ते."

एरवी बाईंनी तिथेच आत घुसून त्या मुलीचे कान उपटले असते. पण त्यांच्या मनात भलतंच आलं. हो म्हणा, त्या मनोमन म्हणत होत्या. अहो, एकदाच हो म्हणा.

"नको," यजमान म्हणाले. "ते होते माझे. आता हे आहेत. खुर्चीत मी बसणार, तर हेच लागू देत."

"लोक तेच बघायला आलेत, काका."

"येऊ देत. तू लाव तारा. उजवीकडची दोन बोटं वर लाव. ती तिथे लावते."

बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पाहुणे आले, राखीव खुर्च्या भरल्या, दोन भाषणं झाली. मग दिवेवालीनं सांगितलं की आता काका बसतील, प्रत्येकी पाच मिनिटांचाच नियम आहे, तोच त्यांनाही. खुर्च्या सरसावल्या गेल्या. लोकांनी फोटो काढायला फोन वर धरले. उजेड बंद झाला.

भिंतीच्या मधोमध एक दिवा लागला. टक्. त्याच्या शेजारचा लागला. टक्. मग पुन्हा पहिला. सगळे मिळून चार दिवे, आळीपाळीनं, एका लयीत. बाकीची भिंत काळीच. लोकांनी वाट पाहिली. लठ्ठ गृहस्थ शेजारणीला म्हणाले, "सुरू व्हायचंय अजून." पहिलं मिनिट असं गेलं. वर धरलेले फोन एकेक करून खाली आले. कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यानं पत्रिका उलटून फोटो पाहिला आणि भिंत पाहिली. मग तो वाकून शेजाऱ्याच्या कानात काही बोलला आणि दोघं बेतानं उठून सरबताच्या खोलीकडे गेले. त्यांच्यामागे आणखी तिघं गेले. मग कुणी बेतानं उठायचीही तसदी घेतली नाही.

दिवेवालीनं भिंतीच्या कडेनं पुढे येऊन यजमानांना हळूच खूण केली, की उठलात तरी चालेल. यजमानांनी मान हलवली. त्यांची पाठ ताठ होती, हात गुडघ्यांवर होते आणि नजर समोरच्या चार दिव्यांवर होती.

बाई मागच्या बाकावरून उठल्या. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरचं कार्ड खाली पडलं होतं. ते उचलून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि त्या मधल्या खुर्चीत बसल्या. अजून अडीच मिनिटं बाकी होती.